अडीच घरांचा राजा

२०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा मीरा रोडहून अर्नाळ्याला आला तो फुगूनच. अम्मीने विचारले, पेपर वाईट गेले का? नाही. घरी आईशी भांडण झाले का? नाही. दोन दिवस तो मोबाइल कानाला लावून ओट्यावर येरझाऱ्या घालत होता आणि मधूनच ओरडत होता, "अरे, पण आपलं असं ठरलं नव्हतं!" मला वाटले, पैशाबिशाचा मामला असेल. कॉलेजातली मुले, काय सांगावे. तिसऱ्या दिवशी बोंबील साफ करताना त्याला शेजारी बसवला आणि सगळे काढून घेतले. भांडण एका खेळावरून झाले होते. खेळाचे नियम बदलले होते.

मैदानातला खेळ नव्हे. टेबलाभोवती बसून खेळायचा. डंजन्स अँड ड्रॅगन्स त्याचे नाव. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो काढला. यात पट असला तर असतो, नसला तरी चालते. एक जण गोष्ट सांगतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीचे चार-पाच जण गोष्टीतले एकेक पात्र होतात. कोणी जादूगार, कोणी चोर, कोणी योद्धा. समोर राक्षस आला तर काय करायचे ते त्या पात्राने सांगायचे आणि ते जमले की नाही हे फाशाने ठरवायचे. फासा २० बाजूंचा. उर्दू वाचणाऱ्याला समजावायचे तर मी म्हणेन, दास्तान-ए-अमीर हमजा ऐकायला बसलेली मंडळी मध्येच उठून दास्तानगोला म्हणाली, की थांबा, पुढचे आम्ही ठरवतो, तर जे होईल ते. मला तर ऐकूनच खेळ आवडला. पाठ घेताना मुलांना असे गोष्टीत उतरवता आले तर आणखी काय हवे!

भाच्याचे पात्र पॅलाडिन, म्हणजे धर्मनिष्ठ योद्धा. तलवारीचा वार लागला की त्यात दैवी तेज ओतून जखम मोठी करायची ही त्याची खासियत. २०१४ च्या पुस्तकाप्रमाणे एका पाळीत दोन वार लागले तर दोन्ही वेळा हे करता येत असे. २०२४ च्या सप्टेंबरात सुधारलेले पुस्तक आले आणि त्यात हे तेज मंत्रांच्या यादीत गेले. पाळीत एकदाच वापरायचे, आणि मंत्र म्हटल्यावर समोरचा जादूगार तो तोडूही शकतो. भाचा म्हणे, माझा हातच कापला. त्याचा एक मित्र अर्धा माणूस, अर्धा एल्फ असे पात्र घेऊन तीन वर्षे खेळत होता. नव्या मुख्य पुस्तकात अर्धा-एल्फही नाही आणि अर्धा-ऑर्कही नाही. 'रेस' हा शब्दच काढला आणि त्या जागी 'स्पीशीज' घातला. जुने पात्र नव्या खेळात आणायला मनाई नाही, पण पुस्तकात त्याचे पान नाही. तो मित्र म्हणाला, मी आता पाहुणा म्हणून खेळू काय? दुसऱ्याला नवे पुस्तक पसंत होते, कारण जखम भरून काढणारे मंत्र त्यात दुप्पट जोरदार केले आहेत आणि त्याचे काम तेच, बाकीच्यांना बरे करण्याचे. डंजन मास्टर म्हणाला, मी पैसे खर्च करून नवे पुस्तक घेतले, तेच चालणार. पाच जणांची मंडळी फुटली.

हे नवीन नव्हते म्हणे. २००८ साली चौथी आवृत्ती आली तेव्हाही असाच गदारोळ झाला. ज्यांना ती रुचली नाही ते जुनेच नियम धरून राहिले, आणि २००९ मध्ये त्याच जुन्या नियमांना डागडुजी करून पाथफाइंडर नावाचा दुसरा खेळ उभा राहिला. जुन्या आवृत्तीचे लोक तिकडे गेले. एका पुस्तकावरून दोन जमाती झाल्या. आपल्याला यात नवल वाटायचे कारण नाही.

अब्बा झोपाळ्यावर बसून ऐकत होते. ७६ वर्षांचे. मला वाटत होते त्यांना यातले काही कळत नसेल. भाचा थांबला तसे त्यांनी विचारले, "म्हणजे पोरगा इतके दिवस खेळत होता तो डाव आता गलत झाला?"

"गलत नाही नाना, जुना झाला."

"एकच ते," अब्बा म्हणाले आणि पायाने झोपाळ्याला हलका झोका दिला.

माझ्या हातात सुरी होती. मी मान वर केली नाही.

अब्बा एसटीत कंडक्टर होते. अर्नाळ्याला आगार आहे. माझ्या लहानपणी मुक्कामाला आलेले ड्रायव्हर-कंडक्टर तिथल्या विश्रांतीगृहात रात्री शतरंज खेळत. शतरंज अब्बांच्या तोंडचा शब्द, बाकीचे बुद्धिबळ म्हणत. कोणी सांगलीकडचा, कोणी जळगावकडचा, कोणी रत्नागिरीचा, आणि प्रत्येकाच्या गावचा डाव थोडा वेगळा. म्हणून सोंगट्या मांडण्याआधी बोली करावी लागे. प्यादे पहिल्यांदा एक घर की दोन? राजाला अडीच घरे आहेत की नाहीत? प्यादे शेवटच्या घरात पोचले तर काय होणार? बोली झाली, की मग कोणी तक्रार करायची नाही. अब्बा सांगत, की कधी कधी बोली डावापेक्षा लांबायची आणि पहाटेच्या गाडीची वेळ व्हायची.

आमच्या घरचा डाव असा होता. प्यादे नेहमी एकच घर चालायचे, पहिल्या चालीलासुद्धा. राजाला शह बसलेला नसेल तर संपूर्ण डावात एकदाच तो घोड्यासारखी अडीच घरे उडी घेऊ शकतो. पुस्तकातले कॅसलिंग, ज्याला मराठीत किल्लेकोट म्हणतात, ते आम्हाला ठाऊक नव्हते. एका बाजूचा राजा दुसऱ्या बाजूच्या वजिरासमोर उभा. प्यादे शेवटच्या ओळीत ज्याच्या घरात पोचेल तीच सोंगटी व्हायचे, हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. वजीर हवा असेल तर मधल्या दोन घरांतून वाट काढा. समोरच्याचा नुसता राजा उरला तर ती बुर्द, म्हणजे अर्धी जीत. आणि सगळ्यांत मानाची मात प्याद्याची. वजिराने मात केली तर अब्बा नुसते हसत. प्याद्याने केली तर चहा सांगत.

अम्मीला हे सगळे नापसंत. आम्ही कोकणी माणसे, शाफई मसलकाची. त्यात शतरंजला मकरूह म्हटले आहे. शर्त लावली किंवा नमाज चुकली तर गोष्ट वेगळी. अम्मीचे म्हणणे, मकरूह ते मकरूह. अब्बांनी त्यावर काढलेला तोडगा म्हणजे टॉवेल. अजान झाली, की पटावर टॉवेल टाकायचा आणि उठायचे. सोंगट्या जिथल्या तिथे. विश्रांतीगृहातही तसेच. तो टॉवेल उचलून कोणी सोंगटी सरकवल्याचे मी कधी ऐकले नाही.

मी सात-आठ वर्षांची असताना अब्बांनी मला शिकवले. दोन मुलींत मी धाकटी, आपाला यात रस नव्हता. सुट्टीच्या दिवशी दुपारी, समुद्रावरून वारा सुटला की ओट्यावर पट पडायचा. हळू डाव. एक एक प्यादे सरकवत भिंत उभी करायची, आणि मग कुठेतरी खिंडार पाडायचे. अब्बा चाल करण्याआधी सोंगटीवर बोट ठेवून विचारायचे, "याला जोर कोणाचा?" म्हणजे हिला मारले तर हिच्या मागे कोण उभे आहे. हा प्रश्न मी वर्गात आजही विचारते, गणितातही.

२००१ साली मी तेराची होते. आनंद आदल्याच डिसेंबरात तेहरानमध्ये जगज्जेता झाला होता आणि शाळाशाळांतून बुद्धिबळाच्या स्पर्धा निघाल्या होत्या. मीही गेले. पहिला डाव. समोरच्या मुलाने प्यादे दोन घरे पुढे टाकले. मी म्हटले, असे चालत नाही. तो हसला. पंचांनी सांगितले, चालते. मी गप्प बसले. पुढे माझा राजा अडचणीत यायला लागला तेव्हा शह बसायच्या आत मी त्याला अडीच घरांवर उचलून ठेवला. मनात म्हटले, आता बघ. त्या मुलाने हात वर केला. पंच आले, पटाकडे बघितले, मग माझ्याकडे. "हे कोणी शिकवलं तुला?" आजूबाजूच्या तीन-चार टेबलांवरची मुले मान वळवून बघत होती. मी "अब्बांनी" म्हणाले नाही. मी म्हणाले, "कोणी नाही."

डाव गेलाच. बसमध्ये एक शब्द बोलले नाही. घरी आल्यावर अब्बांनी विचारले, काय झाले? मी दप्तर भिरकावून म्हणाले, "तुम्ही मला सगळं गलत शिकवलंत."

अब्बा काहीच बोलले नाहीत. त्यांनी समजावले असते, रागावले असते, तर बरे झाले असते. दोन दिवसांनी विरार स्टेशनबाहेरून त्यांनी एक छोटे मराठी पुस्तक आणले, आंतरराष्ट्रीय नियमांचे. कंडक्टरची बॅग खाली ठेवून चष्मा लावून ते वाचले. मग पट मांडला आणि म्हणाले, "ये. आता तुझ्या पद्धतीनं."

त्या दिवसापासून अब्बा माझ्याशी हरू लागले.

मला वाटले, मी हुशार झाले. खरे तर झालेही असेन थोडी. पण आठ-नऊ वर्षे, माझे बी.एड. होऊन लग्न होईपर्यंत, अब्बा क्वचितच जिंकले, आणि मला त्यात काही विचित्र वाटले नाही. राजाची उडी पुन्हा कधी दिसली नाही. विश्रांतीगृहात ते जुना डाव खेळत असतील. मी विचारले नाही.

बी.एड.ला पाठाचे टाचण काढताना सुरुवातीलाच एक रकाना भरावा लागतो. मराठीत पूर्वज्ञान, आमच्याकडे साबिका मालूमात. मुलाला आधी काय येते ते लिहा आणि मग त्याला जोडून नवे शिकवा. हा रकाना मी किती वेळा भरला असेल, गणती नाही. तरी २०१८ साली माझ्याच वर्गात सातवीतल्या एका मुलाने, उत्तर प्रदेशातून आलेल्या घरातला तो, खेळाच्या तासाला राजा अडीच घरे उडवला, आणि माझ्या तोंडून निघून गेले, "ये गलत है।" तो म्हणाला, "दादा ने सिखाया है, मिस." आणि सोंगटी खाली ठेवून मागच्या बाकावर जाऊन बसला. मी त्याला परत बोलावले. म्हटले, गलत नाही, इथे चालत नाही एवढेच. पण पहिला शब्द सुटला तो सुटला. त्याचा चेहरा मला ओळखीचा वाटला. मग आठवले, तो त्याचा नव्हता. २००१ सालचा अब्बांचा होता.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले. सांगायचे तर कबुलीजबाबासारखेच.

अब्बांचा डाव ही काही कंडक्टर लोकांनी केलेली भेसळ नव्हती. हिंदुस्थानात शेकडो वर्षे असाच डाव चालत होता, प्रांताप्रांतात थोडा फरक करून. उलट ज्याला आपण मूळ नियम म्हणतो ते युरोपात पंधराव्या शतकाच्या शेवटी बदललेले नियम. त्याआधी तिथेही वजीर तिरके एकच घर चालणारा गरीब प्राणी होता, बगदादच्या अस-सूलीच्या काळात होता तसाच. मग त्याची राणी झाली आणि ती पटभर धावू लागली. तेव्हाच्या इटलीत या नव्या खेळाला पिसाळलेला खेळ म्हणत. म्हणजे तिथेही कोणी म्हातारा झोपाळ्यावर बसून कुरकुरला असणारच. हिंदुस्थानी वजिराने राणीची चाल घेतली, पण नाव सोडले नाही. मराठी वर्तमानपत्रांत आजही वजीरच मरतो, राणी नाही. माझ्या वर्गात वेगळाच गोंधळ होतो. उर्दूत तिरका चालणारा तो फील, म्हणजे हत्ती, आणि कोपऱ्यातला रुख. मराठीत हत्ती कोपऱ्यात आणि तिरका उंट. तालुक्याच्या स्पर्धेला नेताना मुलांना दोन्ही पाठ करून घ्यावे लागतात.

नियमांचे हे भांडण आपल्या मुंबईत छापील स्वरूपात दोनशे वर्षांहून जुने आहे. पेशवाईतले शास्त्री त्रिवेंगडाचार्य यांनी बुद्धिबळाच्या डावांवर संस्कृतात ग्रंथ लिहिला. त्याचे इंग्रजी भाषांतर १८१४ साली मुंबईत निघाले आणि त्याच्या मुखपृष्ठावरच लिहिले होते, की हे डाव युरोपीय पद्धतीला जुळवून घेतले आहेत. कोणाला तरी तेव्हाच कळले होते, की आपला डाव आहे तसा तिकडे चालणार नाही. मद्रासच्या गुलाम कासिमने तर त्यांच्याच नियमांतल्या एका सुरुवातीचा इतका अभ्यास केला, की १८२९ मध्ये त्यावर पुस्तक निघाले आणि ती चाल आजही गुलाम कासिम गँबिट म्हणून ओळखली जाते.

मला सगळ्यांत आवडला तो कलकत्त्याचा मोहेशचंद्र बॅनर्जी. १८५० च्या सुमारास तो जॉन कोक्रेन नावाच्या बॅरिस्टराशी खेळे, युरोपीय नियमांनी. शेकडो डाव खेळला. पण हात देशी. प्यादी दोन दोन घरे टाकून मध्यभाग बळकावण्याऐवजी तो एकेक घर सरकवी, उंट कोपऱ्यातून बाहेर काढी, समोरच्याला पुढे येऊ देई. त्याच्या खेळावरूनच अशा सुरुवातींना इंडियन डिफेन्स हे नाव पडले. आज जगातले मोठमोठे ग्रँडमास्टर किंग्ज इंडियन खेळतात. माझ्या अब्बांची प्याद्यांची भिंत ती हीच, असे म्हटले तर जाणकार हसतील. पण मी ते डाव मांडून पाहिले तेव्हा मला ओटा आठवला.

आणि सुलतान खान. पंजाबातला, देशी डावात वाढलेला. १९२८ साली हिंदुस्थानचा विजेता, १९२९ मध्ये मालकाबरोबर विलायतेत आणि त्याच वर्षी ब्रिटनचा विजेता. पुढे १९३२ आणि १९३३ लाही. हेस्टिंग्जच्या स्पर्धेत त्याने कापाब्लांकाला हरवले. जाणकार लिहितात, की त्याची सुरुवात कच्ची असे, कारण पहिल्या दहा-बारा चालींचे पुस्तकी ज्ञान त्याच्याकडे नव्हते. ज्या डावात प्यादे एकच घर चालते तिथे ती घाई नसतेच. तो १९६६ मध्ये वारला आणि मानद ग्रँडमास्टर हा किताब त्याला २०२४ साली मिळाला. उशीर म्हणजे किती उशीर!

२०२० च्या टाळेबंदीत मी अर्नाळ्यालाच अडकले होते. अब्बांना मोबाइलवर सत्यजित राय यांचा 'शतरंज के खिलाडी' दाखवला, १९७७ चा. प्रेमचंदांची मूळ कथा १९२४ ची. तिच्यात मिर्झा आणि मीर शेवटी एकमेकांना मारून टाकतात. चित्रपटात ते जिवंत राहतात आणि नव्याने पट मांडतात, या वेळी इंग्रजी पद्धतीने. त्याआधी एका प्रसंगात मुन्शी नंदलाल या दोघांना इंग्रजी डाव समजावून सांगतो. प्यादे पहिल्यांदा दोन घरे जाऊ शकते, वजिराच्या जागी राणी, खेळ लवकर संपतो. मुन्शीचे काम डेव्हिड यांनी केले आहे, आपले डेव्हिड अब्राहम चेऊलकर, कोकणातले बेने इस्रायली. बाहेर १८५६ चा अवध जप्त व्हायच्या बेतात आहे. पुस्तकांतून या प्रसंगाचा अर्थ लावतात तो राजकीय, आणि तो बरोबरच आहे. अब्बांनी मात्र तो प्रसंग मला पुन्हा लावायला सांगितला. दोनदा बघितला. मग म्हणाले, "मुन्शी चांगला समजावतो. हसत नाही कोणाला."

एवढेच म्हणाले. मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले.

हे सगळे लिहिताना कोणाला वाटेल, की मी जुन्या डावाची वकिली करते आहे. तसे नाही. बोली करून खेळणे विश्रांतीगृहात ठीक. सांगलीच्या माणसाला मद्रासच्या माणसाशी खेळायचे तर एकच नियम हवा. १९५१ मध्ये अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ झाला, १९५५ मध्ये एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि रामचंद्र सप्रे व डी. वेंकय्या हे दोघे बरोबरीने विजेते ठरले. त्यानंतरही बरीच वर्षे घराघरांत देशीच चालू होता. मॅन्युएल आरोन यांच्यासारख्यांनी आंतरराष्ट्रीय पद्धत रुजवली म्हणून पुढे आनंद झाला. आणि काही नियम मोडायलाच हवे होते. १९७६ साली मुंबईची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत बसली तेव्हा केवढा गहजब झाला! प्रकरण हायकोर्टात गेले, जागतिक महासंघाचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांना सांगावे लागले, की बाईमाणसाला अडवता येणार नाही. तेव्हा रोहिणी १३ वर्षांची. मी हरून आले त्या वयाची. २०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला, त्या दिवशी माझ्या वर्गातल्या मुली टेबलावर उभ्या राहून ओरडत होत्या. हे नव्या नियमांनीच दिले. माझे भांडण नियमाशी नाही. 'इथे चालत नाही' आणि 'गलत आहे' यांत जेवढे अंतर आहे, तेवढेच माझे भांडण.

तर २०२४ ची ती दुपार. बोंबील साफ करून झाले, मी हात धुऊन आले. भाचा नानांना सांगत होता, की त्यांच्या खेळात गोष्ट सुरू करण्याआधी एक बैठक असते, तिला सेशन झिरो म्हणतात. कुठले पुस्तक, कुठले नियम, घरचे नियम कुठले, सगळे तिथे ठरवायचे. या वेळी ती बैठक न करताच डंजन मास्टरने नवे पुस्तक टेबलावर ठेवले होते.

"म्हणजे बोली केली नाही," अब्बा म्हणाले.

"हां नाना. बोलीच नाही केली."

"मग भांडण होणारच. पुस्तकाचा काय कसूर?"

भाचा थोडा वेळ विचार करत बसला. मग म्हणाला, "नाना, तुमचा डाव शिकवा ना."

अब्बांनी माझ्याकडे पाहिले नाही. आत जाऊन कपाटावरचा पट आणला. सोंगट्यांतला एक हत्ती हरवलेला, त्या जागी कित्येक वर्षे पेप्सीचे झाकण. राजे वजिरांसमोर मांडले. बोली झाली, दहा मिनिटे. भाचा एकेक नियम विचारून घेत होता, प्यादे हत्तीच्या घरात पोचले आणि दोन्ही हत्ती जिवंत असले तर काय, राजाच्या उडीने समोरची सोंगटी मारता येते का. असे प्रश्न मी आठव्या वर्षी विचारले नव्हते. अब्बा उत्तरे देत होते, एका ठिकाणी अडले, म्हणाले, "हे सांगलीवाल्याला विचारायला पाहिजे होतं."

तासाभरात भाचा हरला. प्याद्याची मात. अब्बांनी अम्मीला चहा सांगितला.

"नाना, खाला म्हणते तुम्ही तिच्याशी नेहमी हरायचात."

मी इतकी वर्षे मनात धरून होते, की ते मुद्दाम हरत असतील. लेकीचे मन राखायला. त्या कल्पनेत थोडी सोय होती.

"हरायचो ना," अब्बा म्हणाले. "ते दोन घरांचं प्यादं मला दिसायचंच नाही. एकच घर बघायची सवय. ते येऊन उभं राहिलं की मग दिसायचं."

कोणी काही बोलले नाही. चहा आला. पलीकडे बंदरावर होड्या लागत होत्या, कोळणींची हाक ऐकू येत होती. अस्रची अजान झाली तसे अब्बा उठले. पटावर अजून सोंगट्या होत्या, संपलेल्या डावाच्या. त्यांनी सवयीने खांद्यावरचा टॉवेल त्यावर टाकला.

परत आले तेव्हा मी पट नव्याने मांडून बसले होते. राजा वजिरासमोर.

"कुठला डाव?" अब्बांनी विचारले.

"आपला."

ते बसले. चष्मा पुसला. पहिली चाल माझी होती. मी राजापुढचे प्यादे उचलले आणि दोन घरे पुढे ठेवले.

"एक," अब्बा म्हणाले.